अकरावं मत

दर रविवारी चार ते सहा मी घरात नसायचे. मानकोलीतल्या आमच्या घरात सुनेला दोन तासांची सुट्टी म्हणजे केवढी मोठी गोष्ट, हे आज सांगूनही कुणाला पटायचं नाही. माहेरी जायचं नाही, देवळात जायचं नाही, बाजारात जायचं नाही, आणि तरी साडी बदलून, पर्स घेऊन निघायचं! शेजारच्या बायका ओट्यावरून बघत राहायच्या. बघू दे, म्हणायचे मी मनात, आणि रिक्षात बसायचे.

ही सुट्टी मला कोड्यांनी मिळवून दिली. पेपरात ते आकड्यांचं चौकोनी कोडं तेव्हा नुकतंच यायला लागलं होतं. सासऱ्यांच्या हातात पेपर जायच्या आधी मी ते सोडवून मोकळी व्हायचे आणि ते रोज खेकसायचे, "कोन गो पेपर चितारून ठेवतं?" एके दिवशी त्या कोड्याखालीच जाहिरात आली. अतिशय बुद्धिमान माणसांची एक संस्था आहे, तिच्या प्रवेशाची परीक्षा ठाण्याला आहे, वयाची अट नाही. मी ह्यांना म्हटलं, चला, बघून तर येऊ. ह्यांनी स्कूटर काढली आणि मी आत पेपर सोडवत होते तोवर बाहेर टपरीवर चहा पीत बसून राहिले बिचारे. बारावीनंतर मी परीक्षा म्हणून काही दिलीच नव्हती. काही दिवसांनी पत्र आलं, मी पास. आता मी त्या संस्थेच्या भिवंडी शाखेची सभासद होते आणि दर रविवारच्या सभेला मला बोलावणं होतं.

सासऱ्यांनी पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. इंग्रजी होतं, शिक्का होता.

"सरकारी हाय का?"

"सरकारी नाही, पण मोठी आहे," हे म्हणाले.

"मोठ्या मानसांत उठबस हाय, तर जाऊ दे तिला."

सासूबाईंना ते मुळीच रुचलं नाही. पण सासरे बोलले म्हणजे विषय संपला. दोन वेळा सरपंच झालेला माणूस तो. घरात काय आणि गावात काय, त्यांच्या शब्दावर कुणी शब्द टाकत नसे. तरी सासूबाईंनी आपली पाचर मारलीच, "सभा भरते तवर जा. सभा न्हाय, तर रविवार घरचा."

सभा भिवंडीत भरायची, सुताच्या दुकानावर एका शिकवणी वर्गाच्या खोलीत. वर्ग आमच्या शाखेच्या अध्यक्षांचा. ते निवृत्त इंजिनियर, उंच, वाकून बोलणारे, अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवायचे. भिवंडीत लूमला, म्हणजे यंत्रमागांना, सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे रविवारी खालच्या गल्लीतून त्यांची खडखड चालूच असायची आणि आम्हाला एकमेकांशी जवळजवळ ओरडून बोलावं लागायचं. आम्ही अकरा जण होतो. चिटणीस दातांचे डॉक्टर होते, टेमघरला त्यांचा दवाखाना. एक सुताचे दलाल होते, ते निम्मं हिंदी निम्मं मराठी बोलायचे आणि आकडेमोडीत सगळ्यांचे बाप होते. बाया दोनच. मी आणि कॉलेजातल्या एक बाई.

पहिले काही रविवार मी तोंडच उघडलं नाही. मग एकदा अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्ही बोला. विषय तुमचा तुम्ही निवडा." मला काय येत होतं, डोंबल! शेवटी मी माझ्या वडलांच्या मिठागरावर बोलले. तिथी सांगितली की वडील भरतीची वेळ कशी तोंडी सांगायचे, तिथीला तीननं गुणून चारनं भागायचं, झालं. उधाणाच्या मोठ्या भरतीला काय करायचं, भांगाच्या लहान भरतीला काय. फळ्यावर मीच आकृती काढली. माझं संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, "रोज पाऊण तास भरती पुढे सरकते, म्हणजे चंद्र..." आणि मधेच थांबून माझ्याकडे वळले, "तुम्हाला काय वाटतं, का सरकत असेल?"

तुम्हाला काय वाटतं! माझं लग्न होऊन बारा वर्षं झाली होती. त्या घरात मला भाजी काय करू विचारायची सवय होती, मला काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी रिक्षातून येताना मी एकटीच हसत होते, रिक्षावाला आरशातून बघत होता. त्या दोन तासांसाठी मी आठवडाभर राबायचे. रविवारी सकाळीच दोन वेळचा स्वयंपाक उरकायचे, कुणाला बोलायला जागाच ठेवायची नाही.

आणि मग निवडणूक आली.

अध्यक्षांची मुदत संपली होती. डॉक्टर म्हणाले, निवडणूक घेऊ. अध्यक्ष म्हणाले, अवश्य. अध्यक्ष स्वतः उभे राहिले, डॉक्टर उभे राहिले आणि कुणीतरी आग्रह केला म्हणून सुताचे दलालही. आमच्या गावात असतं तर अर्ध्या तासात हात वर करून मोकळे झाले असते. दलाल तेच म्हणाले, "हात उठाओ, गिनो, खतम."

अध्यक्ष हसले. "तीन उमेदवार असताना हात वर करणं ही अत्यंत सदोष पद्धत आहे." आणि ते फळ्याकडे गेले.

झालं! तिथंच आमचं कपाळ फुटलं. त्यांनी सांगितलं, प्रत्येकानं पहिली, दुसरी, तिसरी पसंती द्यावी आणि तिला गुण असावेत. डॉक्टर म्हणाले, गुण नकोत, शेवटचा बाद करत जावं. कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, दोघादोघांच्या लढती लावा. मग पद्धत तपासून पाहायची म्हणून सगळ्यांनी आपापल्या पसंत्या मोठ्यानं सांगून टाकल्या, निव्वळ उदाहरणादाखल! मी तेवढी गप्प राहिले. फळ्यावर गणित मांडलं तर काय, गुण दिले की अध्यक्ष येतात, शेवटचा बाद केला की डॉक्टर येतात. अहो, मत टाकायच्या आधीच निकाल फुटला होता आणि तो आम्हीच फोडला होता. मूर्ख माणसांच्या हातून हे कधी झालं नसतं. त्यासाठी आमच्याइतकी हुशार माणसंच लागतात.

मग पद्धत कोणती, यावर मतदान घ्यायचं ठरलं. ते मतदान कोणत्या पद्धतीनं, यावर दोन रविवार गेले. कोड्यांची पुस्तकं कपाटात पडून राहिली. माझ्यानंतर कॉलेजातल्या बाई ग्रहणांवर बोलणार होत्या, ते तसंच राहिलं. दलालांनी हात जोडले, "भाईसाब, मुझे बख्श दो," आणि नाव मागे घेतलं. आता दोनच उरले म्हणजे सुटलं, असं मला वाटलं. कसलं सुटतंय! मोजलं तर पाच अध्यक्षांकडे, पाच डॉक्टरांकडे. मधे मी. आणि आमच्या शाखेच्या घटनेत लिहिलं होतं की निवडणूक बरोबरीत सुटली तर जुनाच अध्यक्ष पुढे चालू राहील. ती घटना अध्यक्षांनीच लिहिलेली, हे डॉक्टर दर वाक्याला बोलून दाखवायचे.

डॉक्टरांनी आपली माणसं घेऊन टेमघरच्या दवाखान्यात वेगळी सभा भरवायला सुरुवात केली. तीही चार ते सहा. मला रडू यायचं. कुठं जाऊ? इकडे गेले तर तिकडचे तोंड फिरवणार. मी दोघांनाही हात जोडून सांगितलं, "अहो, अध्यक्ष कुणीही व्हा, पण एकत्र बसा. असं चाललं तर सभा बंद पडेल, आणि सभा बंद पडली तर मला कुणी घराबाहेर सोडणार नाही." डॉक्टर म्हणाले, "तुमचा मुद्दा भावनिक आहे." अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न तत्त्वाचा आहे." मेल्यांनो, माझा प्रश्न रविवारचा होता!

मग घरी फोन यायला लागले. आमचा फोन बैठकीच्या खोलीत, बहुतेक वेळा सासूबाईच उचलायच्या. "मॅडम आहेत का? त्यांच्या मताबद्दल बोलायचं होतं." एकदा डॉक्टर, एकदा अध्यक्ष. सासूबाईंनी रिसीव्हर नाकासमोर धरून माझ्याकडे असं पाहिलं की मी पदराला हात पुसतच राहिले. "दोन-दोन बाप्ये मत इचारतात हिचा," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. मला वाटलं, संपलं आता.

पण सासऱ्यांचे डोळे चमकले. मत म्हटलं की त्या माणसाच्या अंगात वारं संचारायचं. त्यांनी मला समोर बसवून सगळं विचारून घेतलं. किती मतं, कोण कुणाकडे, अडलंय कुठं. इतकी वर्षं मी त्या घरात होते, पण माझ्याशी इतका वेळ ते कधी बोलले नव्हते. मलाच बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

पुढच्याच आठवड्यात डॉक्टर आमच्या घरी आले. गाडी घेऊन, मिठाई घेऊन. सासऱ्यांनी त्यांना कोचावर बसवलं, थंड मागवलं. मी ट्रे घेऊन आले तेव्हा डॉक्टर चटकन उठून उभे राहिले, "या मॅडम, बसा ना." मी बसले नाही. सासरे समोर असताना मी कशी बसणार? मी दाराशी उभी राहिले आणि डॉक्टर सासऱ्यांना घटना समजावून सांगत राहिले. सासऱ्यांनी निम्म्यातच हात वर केला.

"डाक्टर, एवढा कशाला सांगता? आमच्या घरची मतं मीच देतो. जा तुम्ही. मत तुमचा. शब्द हाय माझा."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. मला वाटलं, हे हसतील, म्हणतील, तसं नसतं काका, आमच्यात ज्याचं मत त्यानंच द्यायचं. महिनोन्‌महिने हा माणूस माझ्याबरोबर कोडी सोडवत होता. माझं उत्तर आधी आलं तर टाळी वाजवायचा. त्या माणसानं दोन्ही हातांनी सासऱ्यांचा हात धरला आणि म्हणाला, "फार उपकार झाले." माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. ते गेल्यावर मी ग्लास उचलले आणि मोरीत आपटून आपटून धुतले. दुसरं काय करणार होते?

तो आठवडा कसा गेला, माझं मला ठाऊक. गप्प बसावं तर रविवार शाबूत होता, उलट आता तर सासऱ्यांचा माणूस अध्यक्ष होणार होता. बोलावं तर त्यांचा शब्द मोडणार. ह्यांना म्हटलं, तर हे म्हणाले, "बघ बाबा, तुझं तू."

निवडणुकीच्या रविवारी दोन्ही बाजू बऱ्याच दिवसांनी त्या जुन्या खोलीत एकत्र आल्या. डॉक्टर उठले आणि म्हणाले, "मॅडमच्या घरून मला शब्द मिळाला आहे. त्यांचं मत माझ्या बाजूनं नोंदवावं."

मी उभी राहिले. खालच्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून ओरडूनच बोलले, "ते मत मी दिलेलं नाही. माझ्या सासऱ्यांनी दिलंय. माझं मत वेगळं आहे."

मी अध्यक्षांकडे बघत होते. भरतीचं मला विचारलं होतं ना त्यांनी, म्हणून माझं मत त्यांना होतं. घरच्यांचा रोष झाला तर झाला, असं ठरवूनच मी ते सोबत आणलं होतं. त्यांनी एक प्रश्न विचारायचा अवकाश होता.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "म्हणजे ते मत दबावाखालचं ठरतं. बाद धरावं लागेल."

"अहो पण ऐका तरी, माझं मत..."

"मॅडम, बसा. आता तुम्ही जे सांगाल त्यावरही दबाव नाही हे सिद्ध करता येणार नाही. पाच विरुद्ध पाच. बरोबरी. घटनेप्रमाणे मीच चालू राहतो."

डॉक्टर ताडकन उठले. मग जी जुंपली! दबाव म्हणजे काय, घरच्यांमार्फत दिलेलं मत म्हणजे काय, संमती गृहीत धरता येते का. फळा भरला. माझ्याच मताबद्दल दहा माणसं तावातावानं भांडत होती आणि मी त्यांच्या मधे पर्स मांडीवर घेऊन बसले होते. मी दोनदा हात वर केला. अध्यक्षांनी हातानंच थांबा म्हणून खूण केली. सहा वाजता मी उठले. जिना उतरेपर्यंत त्यांचे आवाज येत होते.

डॉक्टरांचा फोन माझ्या आधी घरी पोचला होता. सासरे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "चार शिकलेल्या मानसांत माझा शब्द खाली पाडलास," एवढंच म्हणाले आणि आत गेले. सासूबाईंना काही बोलावंच लागलं नाही. पुढे डॉक्टरांनी आपली पाच माणसं नेली, अध्यक्षांचे पाच हळूहळू यायचे थांबले आणि त्या खोलीत रविवारीही बारावीचा वर्ग बसायला लागला, असं दलालांकडून कळलं.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी चार वाजता मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. हे स्कूटर पुसत होते. पुसता पुसता सहज मान वर करून म्हणाले, "काय गं, तू मत देणार तरी कुणाला होतीस?"

ते खरंच विचारत होते.

"आता काय करायचंय ते," मी म्हणाले, आणि सुपातला खडा काढून अंगणात फेकला.