पडद्यामागची डावखुरी

मैत्रिणींनो, आज दुपारी एका लाटण्याने मला रडवलं.

भाचीने मोबाईलवर एक जुना विनोदी सिनेमा लावून दिला. त्यातली ती जाडजूड नटी आयुष्यभर कुणाची मामी, कुणाची शेजारीण झाली, नायिका कधीच नाही. माझ्या आईची मात्र सगळ्यात लाडकी. लाटणं उगारून ती नवऱ्यामागे धावली, तशी भाची म्हणाली, "मावशी, ये तो राइट हँड से मार रही है! आजी तर हिला डावखुरी म्हणायची ना?"

मी तो प्रसंग पुन्हा लावून पाहिला. लाटणं खरंच उजव्या हातात!

भिलाईत कारखाना उभा राहत होता, तेव्हा कॅम्प-वन या कामगारवस्तीच्या मैदानात पांढरा पडदा बांधून सिनेमे दाखवायचे. पुढे गर्दी, म्हणून आम्ही बायका-मुली पडद्याच्या मागे बसायचो. मागून सगळं डावं-उजवं उलटं दिसायचं, हे आज लक्षात आलं!

आई स्वतः डावखुरी. ती पोळ्या लाटायला बसली की बाबांची आई "डेबरी, डेबरी" म्हणून हिणवायची. आई मान खाली घालून लाटत राहायची. पडद्यामागे मात्र मोठ्यांदा हसायची आणि मला कोपर मारून म्हणायची, "पाय वं, थे बी डेबरीच हाये! तिले पाहून तं सारे टाळ्या पिटून राहिले!"

आईला जाऊन बरीच वर्षं झाली. बरं झालं, तिला हे कधी कळलं नाही.

भाची गेल्यावर मी मोबाईल आरशासमोर धरला. लाटणं पुन्हा डाव्या हातात आलं. कोपर मारायला शेजारी कुणी नव्हतं.

त्या दिवसांतलं इथे कुणी असेल तर सांगा ना, तुम्ही पडद्याच्या कुठल्या बाजूला बसायचात?