व्याह्यांची डॉक्युमेंट्री

"सुनबाईसमोर लावू नको बरं! तिचा बाप रडून राहिला त्यात," सासूबाई जाऊबाईंना दबक्या आवाजात सांगत होत्या. मी दाराआड भाजीची टोपली घेऊन उभी!

माझ्या लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. सासर पवनीचं, कापडाच्या दुकानाचं. माहेरचं गाव मी लहान असतानाच धरणात गेलं. त्यावर कोणीतरी डॉक्युमेंट्री केली. कॉलेजात ती दाखवू दिली नाही. झालं! मग अख्ख्या तालुक्यानं मोबाईलवर पाहिली. आमच्या घरानं मात्र ती माझ्यापासून लपवायचं ठरवलं. आणि भरल्या घरात काही लपवायचं ठरलं की किस्से कसे, धान कांडल्यावर कोंडा साचावा तसे साचतात.

*

पहिला नंबर आमच्या ह्यांचा. हे मोबाईल घेऊन बाथरूममध्ये शिरले. पण फोन जोडलेला राहिला हॉलमधल्या स्पीकरला, ज्यावर सासूबाई सकाळी भजनं ऐकतात. एकदम हॉलमध्ये माझ्या बाबांचा आवाज घुमला, "आमचं घर तिकडं होतं जी..."

सासूबाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला. "अवो माय, व्याही आले! चहा ठेव वो!"

बाथरूममध्ये नळ जोरात सुटला. मी चहा ठेवला. काय करणार!

*

शेजारचे काका पक्षाचे. कॉलेजातला शो बंद पाडायला तेच पुढे होते. "विकासाच्या विरोधातली फिल्म हाये!"

"काका, तुम्ही पाहिली?" ह्यांनी विचारलं.

"पाहाची काय गरज हाये?"

संध्याकाळी हळूच आले. "लिंक असन तर टाक ना बाबू. धरणाच्या उद्घाटनाचं शूटिंग हाये म्हणते त्यात. मी दिसतो काय पाहू."

दिसले नाहीत. तेव्हापासून फिल्म शंभर टक्के खोटी!

*

फिल्ममध्ये बाबांच्या अंगात लग्नात आमच्याच दुकानातून आहेर केलेला निळा शर्ट होता. आठ दिवसांत दुकानात गिऱ्हाईक आलं, "तुमचे व्याही रडले ना, तो शर्टपीस द्या."

मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मुकाट्यानं कापून दिला. घरी आल्यावर जेवले नाहीत. मला म्हणाले, "पोट ठीक नाही बेटा."

*

शेवटी मीही पाहिली, गच्चीवर कपडे वाळत घालताना. बाबा पाण्याकडे पाहतायत, डोळे भरून वाहतायत, मागे बासरी. बाबांना मी असं लोकांसमोर रडताना कधी पाहिलंच नव्हतं. लगेच फोन लावला.

"नाही वो बाई," बाबा म्हणाले, "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालतं ना, थेंब टाकाची वेळ झालती. कॅमेरावाला म्हणे, काका, असेच राहा!"

"मग सांगायचं ना त्यांना!"

"एवढ्या दूरून आलते बिचारे. आता कोनाले सांगू नको."

इकडे त्याच डोळ्यांवरून गाव दोन भागांत! अर्धे म्हणत, "पैसे देऊन रडवलं." अर्धे म्हणत, "खरं दुःख हाये." खरं मला एकटीला माहीत, आणि ते सांगितलं तर जिंकणार काका!

*

परवा रविवारी वाद आमच्याच हॉलमध्ये आला. काका म्हणाले, "ॲक्टिंग हाये सगळी."

मामाजी उसळले. "माझा व्याही खोटं नाही रडत!"

"काहून? तुम्ही पाहिलं काय रडताना?"

मामाजी भोळेपणानं म्हणाले, "गाव बुडून राहिलतं तवा आम्ही गेलतो ना पाणी पाहाले. डबा घेऊन, सगळेच. पोरं लहान होते. पुरी-भाजी खाल्ली तिथं. नाही बा... रडताना तर कोणीच नाही दिसलं."

काका हसले. सासूबाईंनी मामाजींकडे डोळे वटारले. हे जमिनीकडे पाहत होते. मग सगळे माझ्याकडे वळले. "तूच सांग बेटा," मामाजी म्हणाले.

मी म्हणाले, "काका बरोबर म्हणतात. ते पाणी ऑपरेशनचं आहे. मामाजी, बाबा रडत ना, तर मागच्या आंगणात रडत. समोर पाणी पाहाले आलेले लोक राहत. त्याईले तहान लागे. मी तांब्या भरून नेऊन देत होती. तुम्हाले दिला का नाही, ते आठवत नाही."