ढब्ब्याले पाजलेलं पाणी

हसायचं तर हसा बाप्पा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. असा घोळ अख्ख्या मारेगाव तालुक्यात माह्याशिवाय कोणी केला नसन!

आमच्या आंगणातल्या रांजणाखाली एक बेडूक राह्यते. मातकट रंग, खडबडीत पाठ, चांगला मुठीएवढा. नाव ढब्ब्या. उन्हाळ्यात इकडं जमीन तव्यावानी तापते, म्हणून दिवस कलला की तो बाहेर येते अन् मी त्याच्या पाठीवर लोटाभर पाणी ओततो. रोजचा नेम.

माह्ये डोळे जरा अंधुक. पण सुनेनं डॉक्टरचं नाव काढलं की मी म्हणतो, मले सारं दिसते.

तर त्या दिवशी नातीले पाहाले पाहुणे आले. पोरगा लाखात एक, आमचं सारं घर देव पाण्यात ठेवून बसलेलं. पोराच्या बापानं रांजणापाशी मातकट रंगाचे जोडे काढले, पाय धुतले अन् बैठकीत गेले.

दिवस कलला तसा मी उठलो. ढब्ब्या जागेवर हजर! प्रेमानं लोटा रिता केला. म्हटलं, "पी लेका. आज पाहुणे हायेत, शहाण्यावानी राह्य."

दारातून सून दबक्या आवाजात म्हणाली, "मामाजी, तो पाहुण्याचा जोडा हाय."

आता काय करावं माणसानं? पाणी उपडं केलं, दुपट्ट्यानं जोडा पुसला, होता तिथं ठेवला अन् गुपचूप बैठकीत जाऊन बसलो. पण असा गारेगार जोडा शेजारी दिसल्यावर खरा ढब्ब्या कायले मागं राह्यते?

पोहे झाले, चहा झाला. पाहुणे "कळवतो" म्हणून उठले. या 'कळवतो'चा अर्थ तुम्हाले माहीतच हाय. सुनेचं तोंड उतरलं.

पाहुण्यानं जोड्यात पाय घातला अन् असे उडाले, असे उडाले, की टोपी तुळशीत! ढब्ब्या टुणकन रांजणाखाली.

गेली सोयरीक! मी हात जोडले अन् सारं खरं सांगून टाकलं. पाहुण्यानं तुळशीतून टोपी काढली. मग पोट धरून हसाले लागले.

"आबाजी, ज्या घरात बेडकाचीही तहान दिसते, तिथली पोरगी आमाले पसंत हाय. पण तुमचा ढब्ब्या एकडाव नीट दाखवा तरी."

काय सांगू माहा आनंद! पळतच गेलो, वाकलो, ढब्ब्याले अलगद उचललं अन् व्याह्याच्या ओंजळीत ठेवलं. म्हटलं, भेवू नका, गरीब हाय बिचारा.

व्याह्यानं ओंजळीत पाह्यलं, मग सुनेकडं.

"विहीणबाई, लग्नाच्या आधी आबाजीचे डोळे दाखवून आणा. हा माह्या दुसऱ्या पायाचा जोडा हाय."