कमी पडलेले चौदा मिलिमीटर

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. आलेला माल मापात आहे का ते बघायचं, नसेल तर परत पाठवायचा. त्यामुळे नावावर माझा विश्वास नाही. एक इंची पाइप आतून मोजा की बाहेरून, नेमका एक इंच कुठेच भरत नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, हे रिजेक्शनच्या शेऱ्यात लिहायचं तेवढं मी बाकी ठेवलं होतं.

गेल्या वर्षी ताई गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी भाच्याने एक चामड्याची पिशवी आणि पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाला, "मामा, आजोबांचा कॅमेरा. आईने जपून ठेवलेला. आमच्याकडे नुसता पडून राहील, तुम्हीच घेऊन जा."

मी तो बदलापूरला घेऊन आलो. बायको जाऊन चार वर्षं झाली. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून मी वस्तू मोजत बसतो. हसायचं त्याने हसावं.

कॅमेरा घडीचा. बटण दाबलं की झाकण खाली पडतं आणि पेटीच्या भात्यासारखा काळा भाता पुढे येतो. बाबा त्याला "सहा बाय नऊ" म्हणायचे, म्हणजे निगेटिव्ह सहा सेंटिमीटर बाय नऊ. मी मागचं दार उघडून फिल्मच्या चौकटीला बारीक माप घ्यायचा व्हर्नियर लावला. छप्पन्न मिलिमीटर बाय चौऱ्याऐंशी. सहाही नाही आणि नऊही नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग भिंतीवरच्या फोटोकडे लक्ष गेलं. त्या कॅमेऱ्याने काढलेला आमच्या घरातला तो एकच मोठा फोटो. अंबरनाथच्या नव्या खोलीत राहायला गेलो, त्या सकाळचा. माझे आजोबा, आजी, ताई आणि पाच वर्षांचा मी. सगळे समोर बघतायत, मी एकटा उजवीकडे. त्यावरून मला घरात कितीतरी वर्षं "तिरळोबा" म्हणायचे.

आई त्यात नाही. मला नीट उभं करायला ती शेजारी थांबली होती. बाबा म्हणाले, "तुझी सावली पोरावर पडतेय, जरा बाजूला हो." ती झाली. दोन वर्षांनी ती तापाने गेली, आणि तेव्हा घरात शोधलं तर तिचा एकही फोटो निघाला नाही. बाबा शेवटपर्यंत त्या फोटोखाली बसून म्हणायचे, "तेवढं एक वाक्य बोललो नसतो तर." मला आईचा चेहरा आठवत नाही. नातेवाईक म्हणायचे, ताई म्हणजे हुबेहूब आई. म्हणून मी ताईचाच चेहरा आईला लावून ठेवला होता. आता ताईही नव्हती.

फोटो आडवा, आठ बाय दहा इंची. सवयीने हिशेब केला. छप्पन्नचे आठ इंच केले, तर दहा इंचांत सत्तरच मिलिमीटर मावतात. चौकट चौऱ्याऐंशीची. म्हणजे कागदात बसवताना स्टुडिओवाल्याने चौदा मिलिमीटर कापले होते. आणि पाच वर्षांचा मी उजवीकडे बघत होतो.

तरी मी तपासणी सोडली नाही. चौकटीवर बटर पेपर चिकटवला, शटर उघडं ठेवलं आणि कॅमेरा खिडकीकडे धरला. कागदावर समोरची इमारत उलटी उमटली. मग फोटो काढताना ज्यातून बघतात, त्या वरच्या छोट्या भिंगातून तीच इमारत बघितली. भिंगात कडेचा जिना दिसतच नव्हता. कागदावर तो होता. भिंग जे दाखवत नाही, तेही फिल्मवर येतं. बाबांनी आईला बाजूला केलं ते भिंगापुरतं.

पत्र्याच्या डब्यात निगेटिव्ह होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. त्या सकाळची सापडायला संध्याकाळ झाली. दिव्यासमोर धरली. उजव्या कडेला एक बाई होती. निगेटिव्हमध्ये पांढरी साडी काळी आणि काळे केस पांढरे दिसतात. जे वय तिला कधी मिळालं नाही, त्या वयाची ती दिसत होती. चेहरा काही केल्या कळेना.

दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षाने उल्हासनगर कॅम्प तीन गाठला. जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत एक सिंधी दुकानदार अजून जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून देतो. दोन तास समोरच्या पायरीवर बसलो. त्याने फोटो हातात दिला. आजोबा, आजी, ताई, मी. उजवीकडे कुणी नाही.

"इथे एक बाई होती," मी म्हणालो.

"अंकल, वो साइड में था ना, आधा-अधूरा. बॅलन्स बिगडत होता, कट करून टाकला. देखो, कितना साफ आया."

मी त्याच्यावर ओरडलो. इतका की शिलाईची मशीन थांबवून दोन माणसं दारात आली. "ती माझी आई आहे," एवढंच मला धड बोलता आलं. त्या बिचाऱ्याने निगेटिव्ह पुन्हा लावली, काचेवर सगळी, काळ्या किनारीसकट, आणि मला खुर्ची देऊन स्क्रीनसमोर बसवलं.

आई होती. डावा खांदा किनारीबाहेर, बाकी सगळी. ताईसारखी अजिबात नाही. गाल बसलेले, कपाळ मोठं, माझ्यासारखं. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. उजवा हात उचलून, एक बोट बाबांच्या दिशेला करून ती मला सांगत होती, समोर बघ.

दुकानदाराने हळूच विचारलं, "अंकल, ये काली किनारी रखू?" मी मान डोलावली.

घरी येऊन तो फोटो जुन्याच्या शेजारी लावला. बाबांना सांगायला हवं होतं, ताईलाही. फोटोतलं माझ्याखेरीज आता कुणी उरलेलं नाही. मुलीला फोनवर पाठवला, तिने "किती गोड" असं लिहिलं. तिने तरी आणखी काय लिहावं.

जेवायची खुर्ची मी आता त्या भिंतीसमोर ओढून घेतली आहे. आई अजून बोट दाखवून सांगते, समोर बघ. मी अजून तिच्याकडेच बघतो.