चाचांचं बाकडं

शिरूरच्या स्टँडसमोर चाचांची अंडाभुर्जीची गाडी होती. कोणी काहीही सांगितलं की ते "व्हय, व्हय" म्हणायचे आणि स्वतःला हवं तेच करायचे. अंधार पडल्यावर फिरायला निघालेली कॉलेजची पोरं त्यांच्या बाकड्यावर तासन्‌तास बसत. मुली पार्सल घेऊन निघून जात.

एकदा दोन मुली बाकड्यावर खायला बसल्या. एक पोरगा ओरडला, "चाचा, ह्यांचं पार्सल करा. घरी खातील."

"व्हय, व्हय," म्हणत चाचांनी त्या पोराचीच भुर्जी कागदात बांधली. "घे. घरी खा."

दुसऱ्या संध्याकाळी गाडी उलथलेली होती, अंडी रस्त्यावर फुटली होती. हवालदारानं पोरांची नावं विचारली नाहीत. तो एवढंच म्हणाला, "पोरींना बसवत जाऊ नका, चाचा."

"व्हय, व्हय," म्हणत चाचांनी आधी बाकडं सरळ केलं आणि पुसलं.