सुतकातली मुदत

माझ्या धाकट्या बहिणीने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा थोरल्या काकांनी आमच्या अंगणात उभं राहून सांगितलं, "गावात पाय ठेवला तर दोघांना जित्ती सोडणार नाय." काका बोलले की करायचे. जावयाला त्यांनी खोपोलीत गाठून बेदम मारहाणही केली. शेवटी ती दोघं परदेशी गेली आणि तिथल्या सरकारकडे आश्रय मागितला. तो नाकारला. भारत एवढा मोठा, दुसऱ्या शहरात जाऊन राहा, म्हणे! लिहिणाऱ्याने आमचे काका पाहिले नव्हते.

कोर्टात अपील करायला थोडीच मुदत होती. तिथल्या वकीलबाईंना बाबांचं प्रतिज्ञापत्र हवं होतं, की सख्ख्या भावाने आपल्यासमोर ही धमकी दिली. बाबा मोठ्या मुश्किलीने तयार झाले. मी कर्जतहून शाळेला रजा टाकून खालापूरला नोटरीकडे जायला निघाले आणि त्याच सकाळी काका गेल्याचा फोन आला.

"दादाच्या दिवसांत दादाच्याच विरुद्ध सही करू? तेरावं होऊ दे गं," बाबा म्हणाले.

मी चिडले, रडले. परदेशातलं कोर्ट तुमचं सुतक पाळणार आहे का, म्हणून ओरडलेसुद्धा. बाबा रसायनीच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस, मुदत म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी हलले नाहीत.

तेराव्याला काकांचा मुलगा पंगतीत वाढत होता. बाबांच्या पानाशी वाकून तो हळूच म्हणाला, "पोरीला सांगा काका, बापाचा शब्द मी ठेवणार हाय." आणि पानात लाडू वाढून पुढे गेला. बाबा न जेवता उठले. दुसऱ्या दिवशी स्वतःहून नोटरीकडे चला म्हणाले, पण तोवर मुदत उलटून गेली होती.

मग वाढीव मुदतीसाठी अर्ज करायचा ठरला. उशीर का झाला, याला पुरावा एकच, काकांच्या मृत्यूचा दाखला. तो जोडला तर कोर्ट विचारणार, ज्याची भीती होती तो माणूसच गेला, आता कसला आश्रय? नाही जोडला तर अर्जात दम नाही. आम्ही तो जोडला. बाबांनी प्रतिज्ञापत्रात पुतण्याचं बोलणंही लिहून दिलं. त्याचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे.

वाढीव मुदत मिळाली. अपिलाचा निकाल अजून नाही. मुदतीची बातमी सांगायला बहिणीचा फोन आला, तेव्हा मला वाटलं ती खूश असेल. ती रडत होती. "ताई, काका गेले ना? मग मी घरीच येऊ का गं? मला नाही राहवत इथे."

शेजारी बसून ऐकणाऱ्या बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"येऊ नको बाय," ते म्हणाले. "मी गेलो तरी येऊ नको."