डोळ्यांना न दिसणारा प्रकाश

स्पिरिटचा वास आला की यवतमाळच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. पहिल्या ऑपरेशनात ताईच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा आतच राहिला होता, म्हणून दुसरं करायचं ठरलं होतं. तिला धीर यावा म्हणून मी मोबाइलवर आमच्या प्रयोगशाळेतला उंदीर दाखवला. टोचलेले सूक्ष्म कण त्याच्या गाठीत जमले होते, आणि डोळ्यांना न दिसणारा त्यांचा प्रकाश टिपून कॅमेरा कातडीखालची गाठ स्पष्ट दाखवत होता. "मंग माही गाठ काहून नाही पाह्यली अशी?" तिनं विचारलं. "माणसाले हे अजून देता येत नाही, ताई." "उंदीर तरी वाचला काय?" "नाही. तपासणीसाठी मारावा लागला." ती भिंतीकडे वळून झोपली. दुसऱ्या ऑपरेशननंतर ती वर्षभरही टिकली नाही. आमचे कण आता आणखी उजळ चमकतात, आणि त्यांचं कौतुक मला ऐकवत नाही.